आधी भिंत, शेवटी बॅटरी

धाराशिव शहरात लॅपटॉप दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. तेर, ढोकी, बेंबळी, येडशी या बाजूची माणसं येतात, कधी भूम-परांड्याकडचीही येतात. सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते, "दादा, चार्जच होईना गेलाय." त्याच्या पाठोपाठ निदानही तयार असतं, "बॅटरी गेली म्हणतेत."

बॅटरी जाते, नाही असं नाही. पण आमच्या जिल्ह्यात हा दोष बॅटरीपर्यंत पोचण्याआधी सॉकेट, वायर, अर्थिंग, अडॅप्टर आणि जॅक यांपैकी कुठेतरी सापडायची शक्यता जास्त. सोयाबीनचे पैसे आल्यावर घरच्यांनी मुलीला लॅपटॉप घेऊन दिलेला असतो. सेवा केंद्र चालवणाऱ्याचं पोट त्यावर असतं. अशा माणसाला चांगली बॅटरी काढून दुसरी विकणं मला पटत नाही. म्हणून जे हाताखालून गेलं, ते लिहून ठेवतो.

१. संशय आधी सॉकेटवर घ्या

बोर्डातल्या सॉकेटच्या आत पितळी पत्ती असते. वर्षानुवर्षं पिना घालून-काढून ती सैल होते. मग पिन पकडली जात नाही, नुसती टेकून राहते. बारीक ठिणग्या पडतात, पत्ती काळी पडते आणि चार्जिंग चालू-बंद, चालू-बंद होत राहतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह लुकलुकायला लागतं, आणि माणूस साहजिकच बॅटरीला दोष देतो.

चार्जर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला थेट लावून बघा. मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नको, आणि ज्या बोर्डावर कूलर किंवा मिक्सर चालतो तो बोर्ड तर नकोच. पाच-दहा मिनिटांनी स्विच बंद करून पिन काढा आणि बोटांनी चाचपा. ६५ वॉटचा अडॅप्टर २३० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा ओढत नाही, त्याची पिन गरम व्हायचं काही कारण नाही. पिन गरम लागली तर सॉकेट बदला.

त्यानंतर भिंतीपासून अडॅप्टरच्या ठोकळ्यापर्यंतची वायर बघा. ती सुटी निघते, शे-दीडशे रुपयांना मिळते. खाटेच्या पायाखाली दबून, दारात चिरडून ती आतून तुटते आणि वरून अगदी धडधाकट दिसते. कुणाच्या तरी लॅपटॉपची तशीच वायर मागून घ्या आणि लावून बघा. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

२. अडॅप्टरवरचा दिवा काय सांगतो

पुष्कळ अडॅप्टरवर छोटा दिवा असतो. तो लॅपटॉपला जोडलेला असताना बघू नका. आधी लॅपटॉपची पिन काढा, अडॅप्टर नुसता भिंतीला लावा आणि मग बघा.

दिवा स्थिर लागला आणि लॅपटॉपला जोडताच विझला किंवा लुकलुकू लागला, तर अडॅप्टर स्वतःला वाचवतो आहे असं समजा. पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, जॅकमध्ये किंवा मदरबोर्डवर. अशा वेळी पुन्हापुन्हा जोडून बघण्यात फायदा नाही, लॅपटॉप दुरुस्तीला न्यावा. नुसता भिंतीला लावलेला असतानाच दिवा लुकलुकत असेल तर दोष अडॅप्टरमध्ये किंवा त्याच्या बारीक वायरमध्ये. ती वायर ठोकळ्यातून निघते तिथे, नाहीतर पिनेपाशी वाकून वाकून आतल्या आत तुटते. वायर थोडी हलवली आणि दिवा स्थिर झाला, की जागा सापडली. दिवा लागतच नसेल तर आधी पहिल्या मुद्द्यातलं सॉकेट नि वायर तपासलीत का, ते बघा.

३. मीटर लावताना नेमकं कुठे लावायचं

दोन-अडीचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घरात असावा. विज्ञान शाखेतली मुलगी-मुलगा असेल त्या घरात तर असावाच. पण अडॅप्टर मोजताना दोन गोष्टी हमखास फसवतात.

पहिली गोष्ट रेंजची. साध्या मीटरवर डीसीचा २० व्होल्टचा टप्पा असतो, आणि तो १९.९९ पर्यंतच दाखवतो. लेनोव्होचे बरेच अडॅप्टर २० व्होल्टचे असतात, आणि मोकळे मोजले तर २० च्या थोडं वर भरतात. मग मीटरच्या डाव्या कडेला नुसता एक हा आकडा उभा राहतो आणि बाकीची जागा कोरी. "एकच व्होल्ट येतोय, चार्जर मेला," असं म्हणून चांगला चार्जर टाकून दिलेला मी पाहिला आहे. त्या एकचा अर्थ मोजमाप रेंजच्या बाहेर गेलं एवढाच. नॉब २०० व्होल्टच्या टप्प्यावर फिरवा, खरा आकडा दिसेल.

दुसरी गोष्ट पिनेची. डेल आणि एचपीच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी एक तार असते. लोक लाल प्रोब त्या सुईला लावतात आणि भलताच आकडा वाचतात. ती सुई वीज देण्यासाठी नाहीच, हा अडॅप्टर कुठला नि किती वॉटचा हे लॅपटॉपला कळवण्यासाठी आहे. लाल प्रोब नळीच्या आतल्या भिंतीला टेकवायचा, काळा बाहेरच्या कडेला. सुई वाकलेली असेल तर ती सरळ करण्याची घाई करू नका, ती तुटते.

आणि मीटरवर १९.५ आलं म्हणून अडॅप्टर पास झाला असंही नाही. जुन्या अडॅप्टरमधले कपॅसिटर थकलेले असतात. मोकळा असताना तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, लॅपटॉपचा भार पडला की खाली बसतो. लॅपटॉप बंद असताना चार्ज होतो नि चालू केला की चार्जिंग थांबतं, असं होत असेल तर आधी तशाच दुसऱ्या अडॅप्टरवर लावून बघा.

टाइप-सी चार्जर मात्र असा मोजता येत नाही. समोरच्या उपकरणाशी बोलणी झाल्याशिवाय तो जास्त व्होल्टेज सोडत नाही. त्याची परीक्षा दुसऱ्या टाइप-सी लॅपटॉपवरच.

४. न्यूट्रल तुटली की आळीच्या आळी बसते

आमच्या भागात अडॅप्टर मरण्याचं मोठं कारण हे आहे आणि त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गावातल्या डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. कुठल्याही एका फेजपासून न्यूट्रलपर्यंत २३० व्होल्ट, पण दोन फेजच्या मध्ये सुमारे ४०० व्होल्ट. घरं तिन्ही फेजवर वाटून दिलेली असतात आणि सगळ्यांची परतीची वाट म्हणजे ती एक न्यूट्रल. मे-जूनमध्ये वळवाचा वारा सुटला, फांदी पडली, किंवा डीपीतला जोड ढिला होऊन जळाला, की न्यूट्रल तुटते. आता वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी सारखी होत नाही. ज्या घरात भार जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज कमी येतं, आणि ज्या घरात एक बल्ब नि एक लॅपटॉप चालू आहे त्याच्या वाट्याला तीनशेच्या वर जाऊ शकतं.

अडॅप्टरच्या आत काय होतं ते बघा. २३० व्होल्ट एसी आत जाऊन सरळ केले की त्याचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. ते साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्ट छापलेलं असतं. म्हणजे नेहमीच्या विजेसाठी पुरेशी मोकळीक आहे. पण भिंतीत ३०० व्होल्ट आले की आत ४२४ होतात. त्यापुढे कपॅसिटर फुगतो, फुटतो, फ्यूज उडतो, कधी ठोकळ्यातून जळका वास येतो. एकाच आळीतले टीव्ही, फ्रीजचे बोर्ड, वायफायचे डबे नि लॅपटॉपचे चार्जर एकाच संध्याकाळी दुकानात आले, की काय घडलं ते विचारावं लागत नाही.

न्यूट्रल तुटल्याची खूण डोळ्यांना दिसते. एका घरातला दिवा डोळे दिपवील इतका लख्ख, शेजारच्या घरातला मिणमिणता, आणि कुणी मोटर किंवा इस्त्री चालू केली की दोन्हीकडचा उजेड बदलतो. असं दिसलं की नुसत्या पिना उपसत बसू नका. घरचा मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना हाक मारून त्यांनाही पाडायला सांगा, आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. खांबावर चढून कुणी हुशारी करू नये, जीव जातो.

यावरचा कायमचा उपाय महाग नाही. मीटरबोर्डाजवळ बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो घरची लाईन तोडतो, पूर्ववत झालं की थोड्या वेळाने परत जोडतो. वायरमनकडून तो एकदा बसवून घ्यावा, टीव्ही-फ्रीज सगळंच वाचतं.

लोक याऐवजी लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर घेतात. तो खर्च वाया आहे. अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १००–२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. लाईट डीम होऊन १६० वर आली तरी अडॅप्टरला काही होत नाही, चार्जिंग चालू राहतं. कमी व्होल्टेजला फ्रीज नि मोटर घाबरतात, लॅपटॉप नाही. त्याला धोका वरच्या बाजूने आहे.

५. वीज कडाडू लागली की पिन काढा

मराठवाड्यात मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. तेव्हा स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच फक्त एक वायर तोडतो. पिनच काढून ठेवा, राउटरची वायर लॅपटॉपला जोडली असेल तर तीही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचं अ‍ॅप तयार केलं आहे, ते जवळपासच्या विजांचा इशारा देतं. ते मुळात शेतात असणाऱ्या माणसांचा जीव वाचवण्यासाठी आहे, तेव्हा ते फोनमध्ये असलंच पाहिजे.

६. लॅपटॉपला हात लावला की करंट मारतो

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि मनगट कडेला टेकलं की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. घरात घबराट होते, आणि लॅपटॉप आतून फुटला असं समजून तो दुकानात येतो. दुकानात काहीच होत नाही, कारण दुकानात अर्थिंग आहे.

अडॅप्टरमध्ये विजेचा गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. त्यातून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या अंगापर्यंत येतो आणि तिसऱ्या पिनेने जमिनीत निघून जावा अशी व्यवस्था असते. तिसरी पिनच जमिनीला पोचत नसेल तर तो तुमच्या हातातून वाट काढतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये तो जिवाला धोका करण्याइतका नसतो. पण ती खूण घरातल्या अर्थिंगची आहे, आणि अर्थिंग नसणं धोक्याचं आहे. आज लॅपटॉपला मुंग्या आल्या, उद्या गिझरला किंवा पाण्याच्या मोटरला हात लागला तर काय होईल, त्याचा विचार करा.

आपल्याकडे तीन कारणं दिसतात. पहिलं, थ्री-पिन सॉकेट आहे पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नाही. दुसरं, तीन पिनेला दोन पिनेचं कनेक्टर लावलेलं आहे. ते फेकून द्या. तिसरं खास आपल्या हवामानाचं. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत झाला की जमिनीचा रोध वाढतो, नि पावसाळ्यात बरोबर चालणारं अर्थिंग एप्रिलमध्ये नावापुरतं उरतं. म्हणून खड्ड्यात मीठ नि कोळसा घालतात आणि वरून पाणी सोडायला पाइप ठेवतात. टँकरच्या दिवसांत अर्थिंगला पाणी घाला म्हणणं जड वाटतं, ठाऊक आहे. धुण्याभांड्याचं सांडपाणी चालतं.

७. अडॅप्टर घेताना लेबल वाचा

अडॅप्टरच्या पोटावर आउटपुटपुढे दोन आकडे असतात. व्होल्टचा आकडा जुन्याइतकाच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. जुन्यावर १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असेल तर तो ६५ वॉटचा. त्याजागी २.३१ अँपिअरचा, म्हणजे ४५ वॉटचा लावला तर लॅपटॉप रडतखडत चालेल, बॅटरी हळू भरेल किंवा भरणारच नाही, आणि अडॅप्टर तापून लवकर मरेल. जास्त अँपिअरचा लावला तर मात्र काही बिघडत नाही. लॅपटॉप हवा तेवढाच करंट ओढतो.

मघाशी सांगितलेल्या सुईचं काम इथे कळतं. डेलच्या लॅपटॉपला अडॅप्टर ओळखता आला नाही, तर चालू होतानाच अडॅप्टरचा प्रकार कळत नाही असा इशारा येतो. लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही, प्रोसेसरही मंद ठेवतो. स्वस्तातल्या कॉपी अडॅप्टरमध्ये ही ओळख देणारा भाग नसतो किंवा धड नसतो. माणूस म्हणतो नवीन चार्जर आणूनही चार्ज होईना, म्हणजे बॅटरीच गेली. तिथे बॅटरी बदलायला देणं म्हणजे दुप्पट नुकसान.

लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि त्याच्याजवळ आर-ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. भारतात अशा अडॅप्टरना ही नोंदणी सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांक नसेल, किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर तो अडॅप्टर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमच्या मांडीवरचा लॅपटॉप यांच्या मध्ये तेवढा एकच ठोकळा आहे.

टाइप-सी असेल तर वॉट बघा नि केबलही बघा. फोनचा १८ वॉटचा चार्जर लॅपटॉपला पुरत नाही. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते. चार्जर १०० वॉटचा आणि केबल फोनच्या खोक्यातली, अशी जोडी जमत नाही.

८. जॅक सैल झाला की लवकर आणा

पिन एका विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होतं, वायरखाली वही ठेवावी लागते, ही जॅकची तक्रार. काही लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वायरवर असतो, तो काढून दुसरा लावणं स्वस्तातलं काम. काहींत तो मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. तिथे सैल जॅक तसाच वापरत राहिलात तर ठिणग्यांनी बोर्डावरचा तांब्याचा पट्टा जळतो आणि शेकड्यातलं काम हजारांत जातं. वही ठेवायची वेळ आली त्याच आठवड्यात दाखवा.

९. पिन लावलेली, पण चार्ज होत नाही

'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं लिहून येतं तेव्हा बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं.

चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबत असेल तर आधी सेटिंग बघा. लेनोव्होच्या 'व्हँटेज'मध्ये कन्झर्व्हेशन मोड असतो, एसुसच्या 'मायएसुस'मध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, एचपी नि डेलमध्ये बायोसच्या आत तशी सोय. बॅटरी जास्त टिकावी म्हणून ती पूर्ण भरू न देणारी ही सोय आहे. कायम चार्जिंगला लावून काम करणाऱ्याने ती मुद्दाम चालू ठेवावी.

दुसरं कारण उष्णता. एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीचा लॅपटॉप दुपारी चार्ज होत नव्हता, रात्री होत होता. दुकानात पंख्याखाली तर सरळ शंभरावर गेला. मी तिला राहण्याच्या जागेबद्दल विचारलं. पत्र्याची खोली, मे महिना, लॅपटॉप गादीवर. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा साधारण शून्य ते ४५ अंश सेल्सिअस. बाहेर ४० च्या वर गेलेलं, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि गादीने खालची हवेची जाळी बंद केलेली. आतला सेन्सर चार्जिंग थांबवत होता आणि ते योग्यच होतं. तिला लाकडी पाट दिला, सकाळी नि रात्री चार्ज करायला सांगितलं. खर्च शून्य.

तिसरं कारण, आतलं नियंत्रण करणारी चिप अडकणं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि चालू करण्याचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग सगळं जोडा. बॅटरी आत बंदिस्त असेल तरी चार्जर काढून बटण दाबून बघावं. काही लेनोव्हो नि एसर लॅपटॉपच्या तळाशी याचसाठी टाचणीएवढं भोक असतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या बॅटरी विभागातली एसीपीआय बॅटरीची नोंद काढून लॅपटॉप पुन्हा चालू केला तरी काम होतं. ती नोंद आपोआप परत येते.

१०. आता बॅटरी, पण पुराव्यानिशी

इथवर सगळं ठीक निघालं तर बॅटरीकडे वळायचं. तिचा हिशेब विंडोज स्वतः ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ, आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघतानाची क्षमता, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. समजा पहिला आकडा ४१,००० आणि दुसरा २४,६००, तर ६० टक्के क्षमता शिल्लक आहे. माझा सल्ला असा, की ५० टक्क्यांच्या वर असेल नि चार्जर जवळ ठेवून काम भागत असेल तर बदलू नका. ३० टक्क्यांवरून लॅपटॉप एकदम बंद पडत असेल तर बदला. दुरुस्तीवाल्याने बॅटरी गेली म्हटलं तर हा रिपोर्ट दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

बॅटरी कशामुळे झिजते हेही कळायला हवं. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम नि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हलकी, ताकदवान, पण उष्णता नि पूर्ण भरलेलं पोट या दोन्ही गोष्टी एकत्र तिला सोसत नाहीत. ४० अंशांत पूर्ण भरलेली बॅटरी वर्षभर पडून राहिली तर साधारण एक तृतीयांश क्षमता कायमची गमावते. तीच निम्म्याच्या आसपास भरून ठेवली तर नुकसान निम्म्याहून कमी होतं. शाळेचा लॅपटॉप उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटात जातो, तेव्हा तो निम्मा चार्ज करून, पूर्ण बंद करून, पत्र्यापासून लांब ठेवावा. पहिल्या दिवशी आठ तास चार्जिंगला लावा, महिन्यातून एकदा शून्यावर न्या, हे जुन्या जमान्यातल्या बॅटऱ्यांचे नियम आहेत. लिथियमला शून्यावर नेणं त्रासाचंच.

नवी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर जुळवा. लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका, एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. उत्पादनाची तारीखही बघा. गोदामात तीन उन्हाळे काढलेली नवी बॅटरी नवी राहिलेली नसते.

११. फुगलेली बॅटरी

टचपॅड वर आला, झाकण नीट बसेना, लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा चार्ज करू नका. दाबू नका, टोचून हवा काढू नका. आतला वायू पेट घेणारा असतो. उघड्या, कोरड्या जागी, फरशीवर ठेवून लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या. उकिरड्यावर किंवा घंटागाडीत तर टाकायचीच नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानात परत द्या आणि ती पुढे कुठे जाते ते विचारा.

१२. शेवटच्या तारखेच्या आधी

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा सेवा केंद्रांवरची गर्दी सगळ्यांनी पाहिली. विम्याची मुदत, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाच्या याद्या, सगळं पावसाळ्यात येतं, आणि लाईटही नेमकी तेव्हाच जाते. केंद्रचालकाने मुदतीच्या आठवडाभर आधी बॅटरी रिपोर्ट काढावा, दुसरा अडॅप्टर तयार ठेवावा. घरगुती इन्व्हर्टरवर चांगला अडॅप्टर बिनघोर चालतो. स्क्वेअर वेव्ह असेल तर थोडा गुणगुणतो, पण चालतो.

आणि गावोगावी अभ्यासिका उभ्या करणाऱ्या ग्रामपंचायतींना, संस्थांना माझी एक विनंती आहे. भिंतींना रंग द्या, पुस्तकं घ्या, पण त्याआधी वायरमन बोलावून प्रत्येक टेबलाजवळ थ्री-पिन सॉकेट बसवून घ्या, अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या आणि मीटरबोर्डावर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. आज एका एक्स्टेन्शन बोर्डावर पंधरा-वीस मुलांचे चार्जर लोंबकळत असतात. त्या सगळ्यांच्या लॅपटॉपच्या किमतीची बेरीज करा. त्यापुढे हा खर्च फारच थोडा आहे, आणि तो पावसाळ्याच्या आधी व्हायला हवा.